टेकडीवर झाड लावण्याआधी

जून उजाडला की पुण्यात दोन गोष्टी हमखास होतात. रस्त्यांवर तळी साचतात आणि टेकड्यांवर झाडं लावायला गर्दी उसळते. रविवारी सकाळी एकसारखे टी-शर्ट, कुदळी, रोपांनी भरलेला टेम्पो, फोटो, आणि साडेनऊला खाली उतरून मिसळ. या गर्दीत मी स्वतः बरीच वर्षं होतो, म्हणून चेष्टा करायचा हक्क माझा आहे. एका वर्षी आमच्या गटानं एका उतारावरचं गवत साफ करून तिथं वड, पिंपळ, जांभूळ आणि कुणीतरी फुकट दिलेली आणखी बरीच रोपं लावली. रोज फिरायला येणारे एक आजोबा काठी टेकवून थांबले आणि म्हणाले, "अहो, इथं गवतच येतं. झाडाला इथं खायला काय आहे?" आम्ही हसून मान डोलावली आणि खणत राहिलो.

पुढच्या एप्रिलमध्ये तिथं वाळक्या काड्या आणि उघडे खड्डे उरले होते. खरा फटका मात्र त्यानंतरच्या पावसाळ्यात कळला. जूनअखेर त्या उतारावर भुईऑर्किडं यायची. जमिनीला चिकटलेलं एकच गोल पान, मधून वर आलेला दांडा आणि पांढरी फुलं. खड्डे खणताना ती आम्ही कंदांसकट उकरून टाकली होती.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो आहे. झाडं लावूच नका असं माझं म्हणणं नाही. कुठं, कोणती आणि किती, हे ठरवायला आपण जेवढा वेळ देतो त्याच्या दसपट द्यायला हवा, एवढंच.

आधी टेकडी वाचायला शिका

लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात साधारण ७०० आणि बारामतीकडे ५०० च्या आसपास. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेला निघालात की तासा-दीड तासाच्या प्रवासात पाऊस पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतो. तो प्रवास संपतो तिथं पुणे. पाऊस जेमतेम चार महिने, त्यानंतर आठ महिने कोरडे, आणि खाली बेसाल्टचा काळा कातळ. वेताळ टेकडी, तळजाई, म्हातोबा, बाणेर-पाषाणची टेकडी, सगळीकडे हीच गत. अशा जागी निसर्ग दाट जंगल उभं करत नाही. गवत, त्यात विखुरलेली काटेरी झुडपं, उतारावर पानगळीची झाडं आणि ओढ्याकाठी थोडी दाटी, हे इथलं मूळचं रूप आहे. मे महिन्यात ते पिवळं-करडं दिसतं म्हणून आपण त्याला 'बोडकी टेकडी' म्हणतो. सरकारी नोंदींमध्येही गवताळ माळ वर्षानुवर्षं 'पडीक' या सदरात मोजले गेले, त्यामुळे हा गैरसमज फक्त आपला नाही.

निदान एक वर्ष, जमल्यास दर महिन्याला, एकाच टेकडीच्या एकाच तुकड्यावर जा. वही घ्या आणि तुकड्याचा कच्चा नकाशा काढा. त्यावर साधारण पाच प्रकारच्या जागा वेगळ्या दाखवता येतील: उघडा कातळ, गवताळ उतार, झुडपी भाग, ओढा किंवा ओहोळ, आणि पूर्वी कुणी लागवड केलेलं रान. माती किती खोल आहे हे पाहायला खणायची गरज नाही. पायवाटेच्या कडेला किंवा पाण्यानं कापलेल्या घळीत जमिनीचा उभा छेद आयता दिसतो. वरची काळपट माती वीतभरही नसेल आणि खाली लगेच मुरूम किंवा दगड लागत असेल, तर ती जागा गवताची आहे.

कुठल्या महिन्यात काय पाहायचं? जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टपर्यंत कंदवर्गी वनस्पती: भुईऑर्किडं, काळी मुसळी, पांढरी मुसळी. त्या जिथं दिसतील तिथं नकाशावर फुली मारा, कारण तिथं कुदळ चालवायची नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवतं फुलोऱ्यावर येतात. पायमोज्यात घुसून हैराण करते ती कुसळी सगळ्यांना माहीत असते. मारवेल आणि पवन्या मात्र कुणीतरी दाखवावी लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, काटेसावर, पांगारा आणि गणेर निष्पर्ण होऊन फुलतात, तेव्हा कोणतं झाड कुठं आहे ते लांबूनही मोजता येतं. एप्रिल-मे म्हणजे सावलीची परीक्षा: भर दुपारी कुठं ओल टिकून आहे ते पाहा.

पक्ष्यांकडेही लक्ष ठेवा, कारण जागेचा खरा स्वभाव तेच सांगतात. चंडोल, तित्तिर, लावा, माळटिटवी हे जमिनीवर घरटी करणारे पक्षी. त्यांना मोकळं गवत लागतं. तिथं उंच झाडं उभी केली की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना बसायला मचाण मिळतं आणि अंडी-पिल्लं त्यांच्या नजरेत येतात. उलट पावसाच्या तोंडावर येणाऱ्या नवरंगाला ओढ्याकाठची गच्च झुडपं हवीत. त्याची दोन सुरांची शीळ जिथून येते ती जागा झाडोऱ्याची.

गवताळ माळ म्हणजे काय हे डोळ्यांत भरून घ्यायचं असेल तर एकदा बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य पाहून या. क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर, १९९७ साली अभयारण्य झालं, ते चिंकारा या छोट्या हरणासाठी. हिवाळ्यातल्या सकाळी त्या पिवळ्या गवतात उभा असलेला चिंकारा पाहिला की टेकडीवरच्या गवताला 'रिकामी जागा' म्हणायला जीभ रेटत नाही.

जमीन कुणाची?

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. पुण्याच्या टेकड्यांचा काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, काही संस्थांचा आणि काही खाजगी आहे. काही खाजगी जमिनींवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे ज्याला सगळे बीडीपी म्हणतात ते आरक्षण आहे. सर्व्हे नंबर शोधा, महाभूलेखवर सातबारा पाहा आणि महापालिकेचा विकास आराखडा त्याच्याशी ताडून बघा. जागा वनखात्याची निघाली तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. राखीव वनात परवानगीशिवाय खणणं, तोडणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा ठरू शकतो, हेतू कितीही चांगला असला तरी. शहर हद्दीत झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग झाड परदेशी का असेना.

अर्जात तीनच गोष्टी लिहा: नकाशा, रोपांची यादी आणि तीन वर्षं पाणी कोण घालणार त्याचं नियोजन. तिसरी गोष्ट फारसं कुणी लिहीत नाही, त्यामुळे ती लिहिणाऱ्याकडे वनरक्षकही वेगळ्या नजरेनं पाहतो.

कोणतं झाड कुठं

वड-पिंपळावर लोकांचं फार प्रेम. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो हा संदेश दर पावसाळ्यात मोबाइलवर येतो. प्रकाशाशिवाय प्रकाशसंश्लेषण होत नाही, पिंपळालाही नाही. वड-पिंपळ-उंबर ही मोठी झाडं आहेत, पाखरांना फळं देणारी आहेत, पण त्यांची जागा ओढ्याकाठी, पायथ्याला, खोल मातीत. गवताळ उताराच्या मध्यावर त्यांना लावणं म्हणजे हत्तीला गच्चीवर बांधणं. गुलमोहर मादागास्करचा आहे. तो, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष रस्त्याकडेला शोभतात, टेकडीवर नकोत. सह्याद्रीच्या माथ्यावरची सदाहरित झाडंही इथं आणू नका. ४००० मिलिमीटरची सवय असलेलं झाड ७०० वर कसं जगेल?

माझी यादी अशी. खडकाळ, तापणाऱ्या जागी सालई, मोई, कांडोळ आणि गणेर. मुरमाड उतारावर जिथं आधीपासून तुरळक झाडं आहेत तिथं पळस, धावडा, बहावा, आपटा, मेडशिंग, खैर, हिवर. ओढ्याकाठी करंज, उंबर आणि ओल टिकत असेल तरच जांभूळ. झुडपं मात्र सगळेच विसरतात: करवंद, धायटी, मुरुडशेंग, हेंकळ, बोर. खरं तर टेकडीवर पाखरांना, मुंगसांना, सरड्यांना आडोसा मिळतो तो या झुडपांतच. दहा रोपं लावणार असाल तर सहा झुडपांची लावा. आणि गवताळ उतारावर काहीही लावू नका. तिथं फक्त राखण करा.

तुमच्या टेकडीवर यांतलं नेमकं काय मूळचं आहे, ते वर्षभराच्या वहीतून कळेलच. जुना झाडोरा कसा असायचा याचा अंदाज घ्यायचा तर जिल्ह्यातल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावानं राखलेली रानं, पाहाव्यात. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून हे जपलेले तुकडे म्हणजे त्या त्या भागातल्या मूळ वनस्पतींची पेढीच मानली जाते. फक्त पश्चिमेकडच्या, भरपूर पावसाच्या देवराईची यादी उचलून जशीच्या तशी वेताळ टेकडीला लावू नका.

बी, खुंट आणि रोप

बाजारातून चार फुटांची तयार रोपं आणण्याचा मोह होतो. फोटोत ती छान दिसतात. पण पिशवीत वर्ष-दोन वर्षं राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गुंडाळलेली असतात आणि सोटमूळ मोडलेलं असतं. टेकडीवर जगायचं ते सोटमुळाच्या जोरावर. म्हणून रोप घ्याल तर फूट-दीड फुटाचं, लांबट पिशवीतलं घ्या. त्याहून चांगलं म्हणजे स्वतः बी गोळा करा. राखीव वनातून नव्हे, रस्त्याकडेच्या आणि आवारांतल्या झाडांखालून.

पळसाची चपटी शेंग मे-जूनमध्ये पिकते, टोकाला एकच बी असतं. ते फार दिवस टिकत नाही, त्याच पावसाळ्यात पेरा. कडुनिंबाचंही तसंच. बहावा, खैर यांच्या बियांची टरफलं टणक. बहाव्याचं बी सँडपेपरवर एका बाजूनं घासा, किंवा पाणी उकळून, गॅस बंद करून, त्यात बी टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी जे फुगलं ते पेरा, न फुगलेल्यांना परत तीच अंघोळ. बोराची आठोळी हलक्या हातानं फोडून घ्या.

सालई, मोई, पांगारा ही झाडं फांदीपासूनही येतात. मनगटाएवढ्या जाडीचा, चार-पाच फुटांचा खुंट मे महिन्यात, पाऊस येण्याआधी रोवतात. त्याला वरून पाणी घालत बसावं लागत नाही, आणि गुरांच्या तोंडाच्या वर पालवी फुटते. हे तंत्र शेताच्या बांधावर कुंपण घालणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

बीजगोळ्यांबद्दल, म्हणजे बी घालून वळलेल्या मातीच्या गोळ्यांबद्दल, दर वर्षी विचारणा होते. शाळेतल्या मुलांना मातीत हात घालायला मिळतो, हा त्यांचा मोठा उपयोग. फेकलेल्या गोळ्यांतलं बहुतेक बी उंदीर-मुंग्यांच्या पोटात जातं किंवा उगवून ऑक्टोबरच्या उन्हात करपतं. फेकायचेच असतील तर झुडपाच्या सावलीत ठेवा, गवतात भिरकावू नका.

लावण्याचा दिवस

पहिल्या वळवाच्या सरीवर भाळून पळू नका. माती वीतभर खोल भिजली की मगच, म्हणजे बहुतेक वर्षी जूनचा शेवट ते जुलैचा मध्य. बूट घाला आणि दगड उचलताना हात घालण्याआधी काठी घाला. फुरसं अशाच दगडांखाली बसतं, पटकन चावतं आणि विषारी असतं.

खड्डा फूट-दीड फूट पुरे. जेसीबीनं मारलेले चर मी टेकडीवर पाहिले आहेत. शेकडो वर्षांत साठलेली वीतभर माती उलथून खालचा मुरूम वर येतो, आणि त्यावर पहिलं उगवतं ते गाजरगवत. (या गाजरगवताची भारतातली ठळक नोंद पुण्यातच, १९५० च्या दशकात झाली. मिरवायला आपल्याकडे हेही आहे.) वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला काढा आणि भरताना वरची माती मुळांपाशी घाला. पिशवी ब्लेडनं उभी कापा, खिशात टाका आणि घरी न्या. उताराच्या खालच्या बाजूला दगड-मातीचा अर्धचंद्र बांध घाला, म्हणजे वाहतं पाणी रोपापाशी थबकेल. आजूबाजूचं गवत हातभर गोलात कापून तेच आच्छादन म्हणून अंथरा. आधाराची काठी सुतळीनं बांधा. नायलॉनची दोरी खोडात रुतते.

तीन उन्हाळे

किती रोपं लावायची हे इथं ठरतं. नोव्हेंबर ते मे असे साधारण ३० आठवडे. पहिल्या वर्षी दर आठवड्याला एका रोपाला १० लिटर धरलं तर ३०० लिटर. दहा रोपांचे ३००० लिटर, तेही चढावर, कॅननं. आता सांगा, पाचशे रोपांचा संकल्प करायचा का? चार माणसांच्या घराला दहा रोपं भरपूर झाली. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी, तिसऱ्या वर्षी फक्त मार्च ते मे महिन्यांत महिन्यातून एकदा. पाणी कमी वेळा पण पोटभर द्या, म्हणजे मुळं खोल जातात. रोज तांब्याभर ओतलं तर ती वरच घुटमळतात. उलट्या टांगलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन तुकड्या-तुकड्यांनी टेकडीभर पसरतात. त्या टाळा.

पळसाचं रोप पहिली काही वर्षं उन्हाळ्यात वरून वाळतं. मेलं म्हणून उपटू नका, पावसात ते मुळापासून पुन्हा फुटतं. आमच्या गटातल्या एका उत्साही काकांनी अशी तीन जिवंत रोपं उपटून 'गॅप फिलिंग', म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवी लागवड, केलं होतं.

आधीच आलेल्या पाहुण्यांचं काय?

पुण्याच्या टेकड्यांवर फेब्रुवारीत गुलाबी-पांढऱ्या फुलांनी लगडलेलं जे झाड दिसतं ते गिरिपुष्प, म्हणजेच ग्लिरिसिडिया. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. काही दशकांपूर्वी टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून ते भरमसाट लावलं गेलं. वाढतं भराभर, गुरं फारसं तोंड लावत नाहीत, तोडलं तरी फुटतं. त्याच्या दाट गर्दीखाली गवत आणि देशी रोपं मागं पडतात.

म्हणून सगळं एकदम तोडून टाका म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. एकदम मोकळ्या झालेल्या उतारावरची माती पहिल्याच पावसात खाली येते, आणि रिकाम्या जागी घाणेरी व सुबाभूळ शिरतात. परवानगी घेऊन थोडं थोडं विरळ करा. जिथं देशी झाडाचं पोर आधीच डोकं वर काढतंय, त्याच्या डोक्यावरची फांदी आधी छाटा. ग्लिरिसिडियाचा पाला नत्रयुक्त असतो. तोच त्या पोराच्या बुंध्याशी अंथरा, खतही होतं आणि ओलही टिकते. माझ्या मते नवीन रोप लावण्यापेक्षा आपोआप उगवलेलं रोप शोधून त्याला मोकळीक देणं हे टेकडीवरचं सगळ्यात किफायतशीर काम आहे. त्यानं जागा स्वतः निवडलेली असते.

घाणेरी नुसती कापली तर दुप्पट फुटते. माती ओली असताना बुंध्याखाली, जमिनीत दोन-तीन इंच खोल मुख्य मूळ तोडा आणि झुडूप तिथंच उलटं करून ठेवा. आधी आत बुलबुलाचं घरटं नाही ना, ते पाहा. काढलेल्या जागी लगेच मारवेल-पवन्याचं बी विस्कटा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तीच घाणेरी. सुबाभळीला शेंगा धरण्याआधीच गाठायचं.

वणवा

वर्षभराची मेहनत एका दुपारी जाते ती इथं. डिसेंबरपासून गवत वाळतं आणि जानेवारी ते मे कधीही पेटतं. बहुतेक वेळा कारण माणूसच: विडी-सिगारेटचं थोटूक, कचरा जाळणं, किंवा गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं ही समजूत. जमिनीवरची घरटी, सरडे, रोपं, गवतात पडलेलं बी, सगळं जातं.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पायवाटांच्या आणि रोपांच्या कडेनं गवत कापून काढा, वनखात्याच्या जाळरेषांसाठी (आग अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्यांसाठी) मनुष्यबळ लागतं का ते विचारा. जाळून पट्टे तयार करणं हे प्रशिक्षित माणसांचं काम आहे, आपण विळ्यानंच करावं. आग दिसली की आधी फोन: अग्निशमन दल १०१, वनखातं १९२६. जागा सांगताना 'टेकडीवर' म्हणू नका, जवळचं मंदिर, खाण किंवा सोसायटीचं फाटक सांगा. ज्वाळा गुडघ्याखाली असतील आणि माणसं चार-पाच असतील, तरच ओल्या फांद्यांनी बाजूनं झोडपत विझवा. वाऱ्याच्या दिशेला आणि चढावर आगीच्या पुढं कधीही उभं राहू नका, चढावर आग माणसापेक्षा वेगानं धावते. अंगात सुती कपडे हवेत. ज्वाळा कमरेच्या वर गेल्या की जळून गेलेल्या भागाकडे किंवा उघड्या कातळावर सरका आणि विझवायचं काम जवानांवर सोडा.

वही

प्रत्येक रोपाला नंबर द्या. लावल्याची तारीख, जात, बी कुठून आणलं, आणि दर जूनमध्ये जिवंत की मेलं. मेलं असेल तर कारण: पाणी, आग, गुरं, माणूस. तीन वर्षांनी या चार रकान्यांतून तुमच्या टेकडीची खरी अडचण कळते. आमच्या वहीत 'माणूस' हा रकाना पाण्याच्या खालोखाल भरला, म्हणून आता आम्ही पायवाटेपासून दहा पावलं आत लावतो. पक्षी ई-बर्डवर आणि वनस्पती-कीटक आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर, नोंदवत गेलात, तर टेकडीबद्दल हरकत-सूचना द्यायची वेळ येते तेव्हा हाताशी तारीखवार पुरावा असतो.

एक ठरावीक दगड निवडा आणि दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यावर उभं राहून एकाच दिशेचा फोटो काढा. आमच्या त्या फसलेल्या उताराचे असे सहा फोटो आहेत. पहिल्या दोनांत खड्डे दिसतात, तिसऱ्यात गाजरगवत, चौथ्यापासून कुसळी. गेल्या जूनमध्ये तिथं दोन भुईऑर्किडं मोजली.